येळवशीच्या वाटेवर: बदनापूर ते किल्लारी, स्वॉन्सीच्या ताईसोबत

माझी आतेबहीण वेल्समधल्या स्वॉन्सी शहरात आर्थिक सल्लागार आहे. मी लातुरात म्युच्युअल फंड वितरक. तिला कित्येक वर्षांनी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, गावाकडं यायचं होतं आणि मला डिसेंबरमध्येच जालना-बीडकडच्या भेटी उरकायच्या होत्या. "विमानतळावरून थेट लातूर गाठू नकोस, माझ्याबरोबर फिरत फिरत चल," असं मी सुचवलं. ताईनं लगेच होकार दिला, फक्त एक अट घातली: "भेटीत मी गप्प बसणार नाही."

मंगळवार: छत्रपती संभाजीनगर

विमान उशिरा आलं, ताईची एक बॅग मुंबईतच राहिली, ती दुसऱ्या दिवशी मिळाली. एवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही घडलं नाही. रात्री जुन्या शहरात नान खलिया खाल्ला. हळदीनं पिवळा झालेला, ताटाएवढा नान आणि वर तर्री आलेला मटणाचा खलिया. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ इथं आला असं सगळेच सांगतात. ताईनं दुसरा नान मागवला तेव्हा संपलेला होता. खायचा असेल तर आठच्या आत जा.

थंडी मात्र चांगलीच होती. वेल्सची बाई शाल मागते म्हणून हॉटेलच्या पोऱ्याला गंमत वाटली.

बुधवार: बदनापूर, जालना, बीड

बदनापूरच्या अलीकडं एका मोसंबीवाल्या शेतकऱ्याकडं जायचं होतं. समृद्धी महामार्गात त्यांची जमीन गेली. नागपूर ते शिर्डी रस्ता डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, पण या पट्ट्यात पैसा त्याच्या कितीतरी आधी आला होता. आला तशी घरं झाली, स्कॉर्पिओ आल्या, लग्नं झाली. या काकांनी तसं काही केलं नाही. त्यांनी सगळं बँकेत ठेवलं आणि गेली काही वर्षं ते दर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "आता काय करावं?"

ओसरीवर बसलो. काकांनी बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून कागद काढले: चार बँकांची पासबुकं, ठेवीच्या पावत्या, विम्याच्या तीन पॉलिस्या, त्यातली एक बंद पडलेली. पावत्यांना सुतळी बांधलेली. मी सवयीनं लॅपटॉपकडं हात नेला तर ताईनं डोळ्यानंच थांबवलं.

पुढचा पाऊण तास तिनं रकमेचा विषयच काढला नाही. घरात कोण कोण, विहिरीला पाणी कुठवर पुरतं, सप्टेंबरच्या अतिवृष्टीत किती गेलं, मुलीचं शिक्षण कुठवर आलं, तुम्हाला काही झालं तर या पिशवीतलं घरात कोणाला कळतं? शेवटच्या प्रश्नावर काकू दारातूनच म्हणाल्या, "मला तर पिशवी कुठं ठेवतेत तेबी आजच कळालं."

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली. काकूंचे दागिने सोनेतारणात होते, व्याज साडेबारा टक्के. ठेवीवर मिळत होते पावणेसात. ठेव मोडायची नाही असं काकांनी ठरवलेलं, कारण ते "जमिनीचे पैसे". ताईनं कागदावर दोन आकडे लिहिले आणि विचारलं, "काका, दरवर्षी एवढा फरक तुम्ही कोणाला देताय?" काका बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बँकेलाच की."

तर सल्ला ठरला: आधी दागिने सोडवा. फंडाचं नंतर बघू.

गाडीत बसल्यावर मी हिशेब मांडला. या भेटीतून मला शून्य रुपये. काकांनी तीच रक्कम फंडात टाकली असती तर दरवर्षी काही ना काही ट्रेल कमिशन, म्हणजे पैसे फंडात असेपर्यंत मिळत राहणारं कमिशन, आलं असतं. ताई हसली नाही. तिच्याकडं 31 डिसेंबर 2012 पासून सल्लागाराला गुंतवणुकीच्या योजनांवर नवं कमिशन घेता येत नाही. ग्राहकाबरोबर फी आधी ठरते, लेखी. कर्ज फेडा म्हटलं तरी तेवढीच, फंड घ्या म्हटलं तरी तेवढीच. त्याच वेळी पात्रताही वाढवली, जुन्याजाणत्यांनासुद्धा परीक्षा द्याव्या लागल्या आणि दरवर्षी 35 तासांचा अभ्यास दाखवावा लागतो. बऱ्याच लोकांनी धंदाच सोडला.

आपल्याकडं काहीच झालं नाही असं मात्र कोणी समजू नये. ऑगस्ट 2009 मध्ये एंट्री लोड, म्हणजे फंडात पैसे टाकतानाच कापला जाणारा आकार, गेला, जानेवारी 2013 मध्ये वितरकाशिवाय थेट घेता येणारे डायरेक्ट प्लॅन आले, ऑक्टोबर 2018 मध्ये आगाऊ कमिशन बंद होऊन फक्त ट्रेल उरलं. शेअर बाजार आणि फंडांची नियामक संस्था सेबी, तिचे सल्लागारांसाठीचे नियम 2013 चेच आहेत. फी घेऊन सल्ला देणारे नोंदणीकृत सल्लागार मात्र अख्ख्या देशात हजाराच्या आसपास. वितरक लाखाच्या वर. मराठवाड्यात नोंदणीकृत सल्लागार शोधायचा तर जिल्ह्यागणिक शोधत फिरावं लागेल.

जालन्यात फक्त चहा. मोंढ्याच्या बाजूला गाडी लावू नका, सळया आणि बियाण्यांचे ट्रक तासभर हलू देत नाहीत. तिथून अंबड, वडीगोद्री, शहागडला गोदावरी ओलांडून गेवराईमार्गे बीड. अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीवर चढलो, वारा असा होता की बोलणं ऐकू येईना. गेवराईच्या पुढं एका ढाब्यावर बाजरीची भाकरी, पिठलं आणि लाल मिरचीचा ठेचा. भाकरीवर लोणी मागितलं तर मालकानं घरातलं आणून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

बीडची संध्याकाळ जड गेली. निवृत्त शिक्षक दांपत्य, दोघंही माझ्या वडिलांच्या ओळखीचे. सरांच्या निवृत्तीची बहुतेक रक्कम एका मल्टिस्टेट सोसायटीत अडकली आहे. तेरा टक्के व्याज होतं. पैसे ठेवायला सांगणारा त्यांचाच पुतण्या, तो तिथं नोकरीला. पुतण्याचेही अडकले. बाई म्हणाल्या, "त्याला बोलू तरी काय? त्यानं फसवलं नाही, तो स्वतःच फसलाय."

ताईनं त्यांना पोर्ट टॅल्बटची हकिगत सांगितली. स्वॉन्सीपासून वीसेक मिनिटांवरचं पोलादाचं गाव. 2017 मध्ये टाटा स्टीलच्या तिथल्या कंपनीपासून ब्रिटिश स्टीलची पेन्शन योजना वेगळी करायची ठरली आणि कामगारांना थोड्या महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं. आयुष्यभराची ठरलेली पेन्शन सोडून एकरकमी पैसे दुसरीकडं नेण्याची मुभाही होती. गावात सल्लागारांची आणि त्यांच्या एजंटांची रीघ लागली, फुकटच्या जेवणावळी झाल्या. एकानं सही केली की पाळीतल्या दुसऱ्याला तो घेऊन यायचा. जवळजवळ 8,000 जणांनी पेन्शन सोडली. पुढं नियामकानं कागद तपासले तर निम्म्याच्या आसपास प्रकरणांत सल्ला चुकीचा निघाला.

"पण तुमच्याकडं तर कमिशन बंद होतं ना?" सरांनी नेमकं बोट ठेवलं.

"बंद होतं. पण फी पेन्शन हलवली तरच मिळायची. 'हलवू नका' म्हटलं की फुकट."

ही सशर्त फी ऑक्टोबर 2020 मध्ये बंद झाली, भरपाईची योजना 2023 मध्ये आली. ताईच्या मते कमिशनबंदीपेक्षा हा धडा मोठा. पैसा कमिशन म्हणून येतो की फी म्हणून, हे दुय्यम. 'नाही' म्हटल्यावर सल्लागाराच्या घरी चूल पेटते का, हे बघायचं. मला हे पटलं. खरं सांगायचं तर दुपारच्या शून्य रुपयांमुळं जास्तच पटलं.

सरांसाठी आमच्याकडं फारसं काही नव्हतं. तक्रार दिलेली आहे, ठेवीदार संरक्षण कायद्याखाली प्रकरण सुरू आहे. वाचकांसाठी एवढंच: बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागं 5 लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेला किंवा मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला तो नाही, पाटीवर कितीही मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असलं तरी. काउंटरवर विचारा आणि उत्तर लेखी मागा.

गुरुवार: अंबाजोगाई, लातूर

बीडहून मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाई. योगेश्वरीचं दर्शन सकाळी लवकर घ्या, शाळांच्या सहलींच्या आधी. मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरताना दरीत अजून धुकं होतं आणि पायऱ्यांवर माकडं. ताईच्या हातातलं केळं गेलं. आद्यकवीच्या दारात सक्तवसुली, असं ती म्हणाली.

दुपारी लातूरच्या मार्केट यार्डात माझ्या आडत्या मित्राकडं थांबलो. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, पण पावसानं डागी झालेल्या मालाला तो कोण देतो? समोर एक शेतकरी मूठभर दाणे तळहातावर घेऊन उभा होता, आडत्या त्यातले काळे दाणे बोटानं बाजूला सारत होता. बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत. आपत्कालीन निधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढा ठेवा, असं आम्ही पगारदारांना सांगतो. वर्षातून दोनदा ज्याच्या हातात पैसा येतो त्याला काय सांगायचं, हे ना लातूरच्या पुस्तकात आहे ना लंडनच्या.

संध्याकाळी गंजगोलाईजवळ धंद्यातले चार-सहा लोक जमले. 16 रस्ते जिथं मिळतात तिथं भेटायचं ठरवलं की निम्मे लोक चुकीच्या तोंडाला उभे राहतात, तसे राहिले. नंतर चहा, भजी आणि भांडण, तिन्ही झक्कास.

ताईनं तिच्या रोजच्या कामाची पद्धत सांगितली. प्रत्येक सल्ल्याचं पत्र द्यावं लागतं: तुम्ही मला काय सांगितलंत, त्यावरून मी काय सुचवतोय, का, तोटे कोणते, खर्च किती. जुलै 2023 पासून ग्राहकाप्रति कर्तव्याचा नवा नियम आला. आता कागद दिला एवढं पुरत नाही, तो समोरच्याला समजला का हेही सल्लागारानं बघायचं. ती भेटीच्या शेवटी ग्राहकालाच सांगायला लावते, "घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगाल?" तिथं गडबड झाली की पुन्हा पहिल्यापासून. नुकतंच कोणी वारलं असेल, घटस्फोट झाला असेल, मोठं आजारपण निघालं असेल, तर त्या माणसाला वेगळं सांभाळायचं, घाई करायची नाही. 2021 मध्ये तिथल्या नियामकानं यावर सविस्तर मार्गदर्शनच काढलं.

विम्यात तीस वर्षं काढलेले आमचे एक ज्येष्ठ सर ऐकत होते. ते म्हणाले, "ताई, सगळं मान्य. पण महिन्याला पाचशेची एसआयपी करणाऱ्या कंडक्टरला तुम्ही हे पत्र देता का?"

ताई प्रामाणिक आहे. "नाही. तो माझ्यापर्यंत पोचतच नाही."

मग तिनं दुसरी बाजू सांगितली. कमिशन बंद झाल्यावर कित्येक मोठ्या बँकांनी सामान्य ग्राहकांना सल्ला देणं सोडलं. छोट्या रकमेचा माणूस सल्लागाराला परवडेना. आज तिथं दहातला एक प्रौढही पैसे मोजून असा सल्ला घेत नाही. ही दरी बुजवायला आता सरकार आणि नियामक धडपडत आहेत. पन्नाशी ओलांडलेल्यांना पेन्शनबद्दल फुकट मार्गदर्शनाची सरकारी सोय 2015 पासून आहे, ती मात्र तिला मनापासून आवडते.

सरांचा चेहरा खुलला. "म्हणजे आम्ही पिग्मीवाले, विमेवाले दारोदार फिरतो तेच बरं की!"

"फिरता ते बरंच आहे. पण फिरून काय गळ्यात घालता?" ताईनं विचारलं. यावर जो हशा झाला त्यात सरही होते.

माझं मत सांगतो. आपल्याकडं उद्या सरसकट कमिशन बंद केलं तर निलंग्याच्या खेड्यात जाणारा पहिला माणूस बंद होईल आणि त्याची जागा तेरा टक्केवाला घेईल. तो कधीच सुट्टीवर नसतो. पण ते लेखी पत्र, नुकत्याच विधवा झालेल्या बाईकडून लगेच सही न घेणं, ग्राहकाच्या तोंडून उलट वदवून घेणं, याला कायदा बदलावा लागत नाही. एक पान आणि दहा मिनिटं लागतात.

शुक्रवार: येळवस, निलंगा तालुका

वेळ अमावास्येला लातुरात दुकानं उघडत नाहीत म्हटलं तरी चालेल. सकाळी शहर शेताकडं रिकामं होतं. लातूर-धाराशिव भागाबाहेर हा सण फारसा कोणाला माहीत नाही, त्यामुळं ज्यांना बघायचा आहे त्यांनी आधी इकडं एखादा मित्र करावा. आमंत्रणाशिवाय हॉटेलात थांबलात तर त्या दिवशी उपाशी राहाल. आमंत्रण असेल तर सकाळचा नाष्टा करू नका.

आमच्या शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव. पूजा झाली, चुलत्यांनी आंबील शिंपडत शेताला फेरी मारली. बाजूला हरभरा घाट्यावर येऊ घातलेला, ज्वारी कमरेएवढी. सप्टेंबरात याच रानात गुडघाभर पाणी होतं, हे फोटो दाखवल्याशिवाय ताईला खरं वाटेना.

मग जेवण. भज्जी ही भजी नव्हे, हे बाहेरच्यांसाठी सांगतो: ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणा, पालेभाज्या आणि बेसन यांची घट्टसर भाजी, ती बाजरीच्या उंड्याबरोबर खायची. गव्हाची खीर, तिळाची पोळी, मडक्यातली आंबील. आंबिलीला लसणाचा वास आणि मातीचा गारवा. ताईनं पहिला तांब्या उभ्यानंच संपवला. त्यानंतर ती बाभळीखाली घोंगडीवर आडवी झाली आणि तासभर तिच्याकडून नियामकाचं नाव निघालं नाही.

दुपारी तिची मावशी जवळ येऊन बसली. सत्तरी पार केलेली, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, दोन्ही मुलं पुण्यात. पदराच्या गाठीतून तिनं एक चिठ्ठी काढली. त्यावर मावसाजींच्या हस्ताक्षरात तीन खाते क्रमांक.

"हे पैसे मिळतेत का गं? पोरांना विचारलं तर म्हणतेत बघू."

दोन खात्यांना वारसाचं नाव लागलेलं होतं, तिसऱ्याचं काहीच कळत नव्हतं. दहा वर्षं न हललेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारसाला मागता येतात, आणि त्या शोधायला 2023 पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे, हे मी समजावलं. म्युच्युअल फंडात तर मार्च 2025 पासून दहापर्यंत नॉमिनी देता येतात. ताईनं वेगळंच विचारलं: "मावशी, उद्या तुला बँकेतून कोणी फोन करून गोंधळात टाकलं, तर तू आधी कोणाला विचारशील?"

मावशी म्हणाली, "शेजारच्या सुनेला. ती शिकलेली हाय."

अमेरिकेत शेअर दलाल कंपन्यांना 2018 पासून खातेदाराकडं अशा विश्वासू माणसाचं नाव मागावं लागतं. त्याला व्यवहाराचा अधिकार नसतो, पण काही संशयास्पद दिसलं, म्हातारा माणूस फोन उचलेना झाला, तर कंपनी त्याला विचारू शकते. ताईच्या ऑफिसनंही तसा रकाना ठेवलाय. मी त्याच संध्याकाळी माझ्या वहीत मावशीच्या नावापुढं शेजारच्या सुनेचं नाव आणि नंबर लिहिला, सुनेला विचारून.

शनिवार: किल्लारी, तुळजापूर, सोलापूर

किल्लारीच्या जुन्या गावठाणावर गेलो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, आदल्या दिवशी गणपती बुडवून झोपलेलं गाव. आता बाभळी, मधूनच दगडी जोत्याचा एखादा तुकडा आणि स्मारक. तिथं शेळ्या राखणारे एक आजोबा भेटले. भूकंपानंतर गावात कोण कोण आलं ते सांगत होते: जवान, डॉक्टर, पुढारी, पत्रकार. "आन् मग मदतीचे पैसे मिळाल्यावर सायकलीवरून इमेवाले. लै गोड बोलायचे."

ताईनं विचारलं, "तुम्ही घेतला का विमा?"

"घेतला की. त्यातला एक पोरगा दर वर्षी यायचा, हप्ता असो नसो. अजून येतोय, आता त्याचेबी केस पिकले."

ऑस्ट्रेलियात 2019 च्या रॉयल कमिशनच्या, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाच्या, अहवालात काय बाहेर आलं होतं ते मला आठवलं: बँकांनी आणि सल्ला देणाऱ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं सेवेचे पैसे कापले, सेवा दिलीच नाही, काही ठिकाणी तर मेलेल्या ग्राहकांच्या खात्यांतूनही कापले. आता तिथं दरवर्षी ग्राहकाची नव्यानं लेखी संमती घ्यावी लागते. आपल्या ट्रेलला अशी काही अट नाही. एकदा लावलेलं फळझाड, नंतर पाणी घाला न घाला. माझ्या यादीतल्या किती जणांना मी या वर्षी भेटलो, हे ताईनं गाडीत विचारलं तेव्हा मी रेडिओ लावला.

तुळजापूरला गर्दी होतीच. शनिवारी जाऊ नका, जायचंच तर पहाटे. सोलापूरला ताईला गाडीत बसवलं आणि रात्री लातूरला परतलो.

गंजगोलाईतल्या मंडळींनी मिळून सल्ल्याच्या पत्राचा एक पानी मराठी मसुदा केला आहे. ग्राहकानं काय सांगितलं, आम्ही काय सुचवलं, का, काय सुचवलं नाही, विश्वासू माणूस कोण. सगळं एकमतानं ठरलं, शेवटची ओळ सोडून: 'या व्यवहारातून मला वर्षाला अंदाजे इतके रुपये मिळतील.' सहामाही विवरणात कमिशनचा आकडा तसाही छापून येतो, मग लपवायचं काय, असं माझं म्हणणं. ज्येष्ठ सरांचं म्हणणं, तो बारीक टायपात येतो म्हणूनच कोणी भांडत नाही. मसुदा दोन प्रकारे छापायला दिलाय, ओळ असलेला आणि ओळ नसलेला. छापखानावाला विचारतोय, कुठल्या किती प्रती.